भिंगरी आणि गाडी: भूगाव जमलं, पिरंगुटचा घाट अर्धा

मंडळी, गाडीला बिथरणाऱ्या आमच्या कारवानी कुत्रीचा, भिंगरीचा, पुढचा हिशेब. चिकन देत देत तिला गाडीची सवय लावतोय. मागच्या नोंदीत बंद गाडीत बसून चिकन खाण्यापर्यंत मजल गेली होती. आता इंजिन चालू असतानाही खाते, आणि कोथरूडहून भूगावपर्यंत लाळ न गाळता येते. पिरंगुटच्या घाटात मात्र अर्ध्यावर तोंड चाटायला लागते, की आम्ही जागा बघून थांबतो.

कारवानी किंवा मुधोळ ही शिकारी कुत्री पाळणाऱ्यांसाठी आधी पायांचं सांगतो, कारण याकडे कुणी बघत नाही. ही जात पळण्यासाठी घडलेली. लांब पाय, खोल छाती, अंगावर ना चरबी ना दाट केस. रेक्झिनच्या सीटवर उभं राहिलं की दर ब्रेकला पाय फाकतात, नखं रोवायला काही सापडत नाही. भिंगरीच्या बिथरण्यात मोठा वाटा या घसरण्याचा होता, हे माझं ठाम मत. पुढच्या-मागच्या सीटमधला खड्डा जुन्या उशांनी बुजवला, वर रबरी मॅट, त्यावर गोधडी. सपाट जागा मिळाल्यावर ती आपणहून बसायला लागली. हार्नेस छातीचाच, तो सीटबेल्टला अडकवायचा. गळ्यातला पट्टा नको: जोरात ब्रेक लागला तर मानेला हिसका, आणि कारवानीचं डोकं इतकं निमुळतं की पट्टा तसाही सटकतो.

दुसरी गोष्ट, भीती आणि मळमळ वेगळी काढा. जांभया, ओठ चाटणं, लाळ दोन्हींत दिसतात, म्हणून वेळ बघायची. गाडी उभी असतानाच सुरू झालं तर बहुधा भीती. वळणं लागल्यावर सुरू झालं तर मळमळ. शिवाय एकदा ओकलेलं कुत्रं पुढच्या वेळी नुसती गाडी बघूनच लाळ गाळतं, त्यामुळे गुंता होतोच. डॉक्टरांनी घाटापुरतं मॅरोपिटंट लिहून दिलंय. त्याने ओकारी थांबते, भीती जात नाही. भीती घालवायचं काम चिकननेच करायचं. पण मळमळत असताना चिकन पुढे करून उपयोग शून्य. आपण तरी वरंधा घाटात पोट ढवळत असताना बटाटेवडा खातो का? (काही जण खातात, ते सोडा.) माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका.

बारीकसारीक: रिव्हर्सच्या पों-पोंला ती दचकायची, म्हणून गाडी आदल्या रात्रीच तोंड बाहेर करून लावतो. बाजूच्या काचेला जाळीचा पडदा लावला, कारण नजरेने शिकार करणारं कुत्रं प्रत्येक शेळी आणि स्कूटर डोळ्यांनी पकडायला जातं नि तापतं. समोरची काच दिसू द्यावी. निघायच्या आधी काही तास पोट रिकामं, पाणी चालतं. आणि दर फेरी दवाखान्यात संपू नये. आमची बहुतेक वेळा माळरानावर संपते.

उन्हाळ्यात उजाडायच्या आतच निघतो. उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान अकरा अंशांच्या आसपास चढतं, त्यामुळे ‘चहा घेऊन आलोच’ हा प्रकार नाही.

आता घाटाची उतरण. उतरताना ब्रेक जास्त, वजन पुढे पडतं, म्हणून उशांचा पुढचा थर वाढवून बघणार आहे. कुणी ग्रेहाउंड-सलुकी अशा लांब पायांच्या कुत्र्यांसाठी गाडीत पिंजरा वापरला असेल तर मापं सांगा. बाजारातल्या पिंजऱ्यांत भिंगरीची मान ताठ राहत नाही. ताम्हिणी दिवाळीनंतर.