पाणी किती चढलं ते ऐकून

रविवार, रात्री अकरा

दुपारी शेजारच्या सोसायटीतला पोरगा आला होता. नववीत आहे, माझ्यासारखंच त्याला जन्मापासून दिसत नाही. दर रविवारी येतो आणि आठवडाभरात मी जे काही केलं असेल ते खेळून बघतो. आज त्याच्या हातात मी तीन महिने खपून पूर्ण केलेला गेम दिला. डावा-उजवा बाण, स्पेसबारने वार. राक्षस एका बाजूने गुरगुरत येतो, आपण सरकायचं, गुरगुर दोन्ही कानांत सारखी झाली की तो समोर आला, मारायचं. पंधरा लेव्हल.

चौथ्या लेव्हलला त्याने हेडफोन काढून ठेवला.

"दादा, हा मी आधी खेळलोय."

"शक्यच नाही. परवा रात्री संपवलाय मी."

"मग दुसऱ्या कोणाचा तरी असेल. पण हाच होता."

त्याने ते सहज म्हटलं, म्हणूनच जास्त लागलं. तो गेल्यावर मी माझाच गेम पुन्हा लावला. दार उघडण्याचा आवाज, लाकडी जिन्यावरची पावलं, वार बसल्यावरचा तो ओला आवाज, सगळं फुकटच्या साउंड लायब्ररीतलं. ही पावलं मी कितीतरी गेममध्ये ऐकली आहेत आणि तरी तीच उचलून आणली. कोडही जुन्याच फोल्डरमधला. राक्षसाच्या जागी झोंबी ठेवला, झोंबीच्या जागी विमान ठेवलं, तरी खेळणाऱ्याच्या बोटांना काही फरक कळला नसता.

झोप येत नाही. लिहितो थोडं.

कॉलेजात असताना बीजीटी नावाचं गेम बनवायचं साधन पहिल्यांदा हाती लागलं तेव्हा रात्र रात्र जागायचो. ते बनवलंच होतं ऐकायच्या गेमसाठी. माझा पहिला गेम म्हणजे एका खोलीत हरवलेलं मांजर शोधणं. दहा मिनिटांत संपायचा. पण ते मांजर आमच्या वाड्यातलं होतं, पत्र्यावरून उडी मारतानाचा आवाज मी स्वतः छपराखाली बसून पकडला होता. पुढे लोकांनी "लढाई टाक, स्कोअर टाक" म्हटलं. मी टाकत गेलो, आणि मांजर सुटलं ते सुटलंच.

आता साधनांची तक्रार करायला जागा नाही. 2024 मध्ये बीजीटीच्याच धर्तीचं एनव्हीजीटी आलं, तेही खुलं, कोणालाही वापरता येणारं. गोडोसारख्या गेम बनवायच्या मोठ्या इंजिनातसुद्धा 2025 मध्ये स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, सोय यायला लागली. शिवाय दिसणाऱ्यांसाठी बनलेले मोठे गेमही आपल्यापर्यंत आलेत. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये साठाहून जास्त सुलभता सेटिंग होत्या, 2023 च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये न बघता गाडी चालवण्यासाठी वेगळी मदत होती. याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यामुळेच एक प्रश्न समोर उभा राहतो. झोंबी मारायचे असतील तर ते मोठे स्टुडिओ माझ्यापेक्षा शंभरपट चांगले मारू देतात. मग मी एकट्याने, घरातल्या टेबलावर, काय बनवायचं?

मंगळवार

सकाळपासून धार लागलीय. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी दुपारी आली आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, मारुती कुठवर बुडाला? नाशकात पूर मोजायची रीतच ती. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत पाणी, कमरेपर्यंत पाणी, गळ्यापर्यंत पाणी. लहानपणापासून ऐकत आलोय. मला त्या आकड्याचा उपयोग शून्य, कोणीतरी बघून सांगेल तेव्हा कळणार.

संध्याकाळी चुलतभावाला बरोबर घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर गेलो. खाली सोडत नव्हते, दोरी लावलेली. वरच थांबलो, रेकॉर्डर पिशवीत धरून. तिथे उभा राहिलो आणि अंगावर काटा आला.

एरवी ही जागा मला पाठ आहे. सगळ्यात खाली पायरीवर धुणं आपटल्याचा आवाज. त्याच्या वर चहावाल्याचा स्टोव्ह. मग पूजेचं सामान विकणाऱ्या बायकांच्या हाका, कबुतरांची फडफड, एका छोट्या देवळाची किणकिण. पुलाखालून कोणी बोलत गेलं की आवाज घुमतो. आज यातलं खालचं काहीच नव्हतं. धुणं नाही. स्टोव्ह नाही. पुलाखालचा घुमारा नाही, कारण घुमायला पोकळीच उरली नव्हती. वरची किणकिण तेवढी चालू.

भाऊ म्हणाला, "कमरेच्या वर गेलंय." मी म्हटलं, "माहितीय."

मला खरंच माहीत होतं. कोणी न सांगता. जे आवाज गेले त्यांच्यावरून.

येताना घाटाजवळच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा विषय निघाला. वसईला पोर्तुगीजांवर 1739 मध्ये मिळवलेल्या विजयाची ती आठवण, आणि देऊळ 1747 चं. आजी सांगायची, पूर घंटेपर्यंत चढला की घंटा आपोआप वाजते. खरं-खोटं राहू दे. पण आजीने मला पुराचं जे माप दिलं ते कानाचं होतं, हे आज एवढ्या वर्षांनी लक्षात आलं.

गुरुवार, पहाटे

गेम सुचलाय. घाटावर पूजेचं सामान विकणारी एक बाई. तिच्या टोपल्या, तांब्ये, नारळाची पोती पायरी-पायरीने वर न्यायची. पाणी किती चढलंय हे गेम सांगणार नाही. भोवतीचा कुठला आवाज बंद पडला ते खेळणाऱ्याने ओळखायचं. नवा आवाज आला की सावध व्हायचं, ही आपल्या सगळ्या गेमची सवय. इथे गेलेल्या आवाजाकडे लक्ष ठेवायचं.

अडचण लगेच आली. पाणी वर चढतं, आणि हेडफोनमध्ये वर-खाली दाखवणं महाकठीण. डावं-उजवं सोपं आहे. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोहोचतो. तो फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढा बरोबर पकडतो. पुढे-मागे आलं की गोंधळ, कारण ऐन समोरचा आणि ऐन पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो. आपण मान वळवून सोडवतो, हेडफोनमध्ये मान वळवली तर अख्खं जगच बरोबर वळतं. आणि वर-खाली ओळखणं बरंचसं कानाच्या पाळीच्या घड्यांवर अवलंबून. त्या प्रत्येकाच्या वेगळ्या, म्हणून माझ्या कानाला जो आवाज वरचा वाटतो तो त्या पोराला समोरचा वाटेल. दोन रात्री यातच गेल्या. तयार थ्रीडी आवाजाचे सगळे प्रकार लावून बघितले, पाणी काही चढेना.

आत्ता पाचला नळ आला. आई स्वयंपाकघरात हंडा भरत होती. मी अंथरुणातच होतो. हंडा भरत येतो तसा त्याचा सूर चढत जातो, आत हवेला जागा कमी उरते म्हणून. गळ्याशी आला की एकदम बारीक होतो. मी लहानपणापासून हंडे कानानेच भरतो, एक थेंब बाहेर सांडत नाही. आपल्याकडे ज्या घरात नळाला वेळ आहे त्या घरातल्या कोणालाही, दिसो न दिसो, हे शिकवावं लागत नाही.

उठून लगेच बसलो. पाण्याचा आवाज वर नेलाच नाही. पायऱ्यांखालच्या पोकळीला हंड्याचा सूर दिला. पाणी चढतं तसा सूर चढतो. लावून ऐकलं आणि पहिल्यांदा वाटलं, पाणी आलं.

शनिवार

आईचा आवाज रेकॉर्ड केला. खेळताना स्क्रीन रीडर मध्ये बोलायला लागला तर घाटच ऐकू येत नाही, म्हणून गेममध्ये यांत्रिक बोलणं अजिबात ठेवलेलं नाही. अगदी अडल्यावरच वरच्या पायरीवरून आई ओरडते, "पाणी चढतंय, उचल गं लवकर!" तिने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा असं म्हणाली की बाहेरच्या खोलीतून वडील उठून आले.

सूचनांच्या फाइलमध्ये पहिलंच वाक्य लिहिलं की वायरचे इअरफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे पडतो, आणि इथे तो किंचितपणाच सगळा खेळ आहे.

हे करताना केंजी एनो हा गेम बनवणारा सारखा आठवत होता. जपानमध्ये 1997 मध्ये त्याने सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेम-यंत्रावर चित्रच नसलेला 'रिअल साउंड' केला, दृष्टिहीन खेळाडूंशी बोलून. बदल्यात सेगाने दृष्टिहीन लोकांना हजार सॅटर्न द्यावेत अशी अट घातली. गेमबरोबर ब्रेलमधल्या सूचना होत्या आणि फुलांच्या बियांची पुडी होती. बियांचा गेमशी हिशोबाने काही संबंध लागत नाही. पण हातात घेऊन चाचपायला, मातीत पेरायला काहीतरी द्यावं हे ज्याला सुचलं, तो समोरच्या माणसात काय कमी आहे हे मोजत बसला नव्हता. माझ्या पंधरा लेव्हलच्या राक्षसात अशी एकही बी नव्हती.

रविवार, रात्री

पोरगा आला. मी काहीच सांगितलं नाही, नुसता इअरफोन दिला.

पहिल्यांदा दोन मिनिटांत बुडाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याची बोटं थांबली, श्वाससुद्धा हळू झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दादा, स्टोव्ह बंद झाला." आणि टोपली वर नेली. मग घुमारा गेला तो त्याने पकडला. कबुतरं उडून गेली ती मात्र सुटली, आणि तो पुन्हा बुडाला.

"कबुतरं कधी गेली?"

"तू तांब्या उचलत होतास तेव्हा."

"म्हणजे उचलताना पण ऐकत राहायचं?"

तो परत लावून बसला. सहा वाजता त्याच्या आईचा फोन आला, सव्वासहाला दुसरा. जाताना दारातच चपला घालत म्हणाला, "पावसात बेडूक असतात की. ते कुठायत?"

बेडूक राहिलेच. पाणी वाढल्यावर ते गप्प होतात की जास्त ओरडतात, हे मला जाऊन ऐकावं लागेल. भावाला विचारलंय, बुधवारी रात्री मोकळा आहे म्हणाला.