फ्रिजवरचं पिस्तूल

फोनमधल्या फोटोत एक फ्रिज होता. फ्रिजवर मुलांच्या नाश्त्याच्या सीरिअलचे दोन खोके आणि त्यांच्या मधोमध काळं पिस्तूल. "कपाटात नाही ठेवत तो," ती म्हणाली. "मला येताजाता दिसलं पाहिजे ना."

मी अमेरिकेत, मिझुरी राज्यात सेंट लुईसच्या जवळ राहते. घरात मार खाणाऱ्या बायकांसोबत कोर्टात जाणं, अर्ज भरून देणं, पोलिसांकडे पाठपुरावा करणं हे माझं काम. हुद्दा 'व्हिक्टिम अ‍ॅडव्होकेट', त्यामुळे सांगलीला सगळे मला वकीलीणबाई समजतात. मीही आता समजावत बसत नाही. ही गोष्ट सप्टेंबर 2021 मधली.

फोटो दाखवणाऱ्या त्या बाईच्या नवऱ्याने वर्षभरापूर्वी चौथ्या दर्जाच्या घरगुती मारहाणीचा गुन्हा कबूल केला होता. हा मिसडिमीनर, म्हणजे फेलनीच्या (गंभीर गुन्ह्याच्या) खालचा गुन्हा. पण घरच्या माणसाला मारल्याचा मिसडिमीनर सिद्ध झाला, तरी बंदूक बाळगता येत नाही, असा अमेरिकेचा केंद्रीय कायदा 1996 पासून आहे. मिझुरीच्या स्वतःच्या कायद्यात ही बंदी नाही. तोवर राज्याची बंदी नसल्याने आमचं कधी अडलं नव्हतं. स्थानिक पोलिसांतला एक डिटेक्टिव्ह एटीएफसोबत, म्हणजे बंदुकांचे गुन्हे तपासणाऱ्या केंद्रीय खात्यासोबत काम करायचा. त्याला फोन केला की कागद योग्य टेबलावर पोचायचे.

त्या दिवशी मी फोन न करता थेट गेले, एक रिकामी खुर्ची ओढून बसले आणि फोटो त्याच्यासमोर धरला. त्याने तो बराच वेळ पाहिला. मग खणातून एक कागद काढला. त्यावर एका व्याख्येभोवती पिवळं मार्कर फिरवलेलं होतं. "वाच."

'कायदा पाळणारा नागरिक' म्हणजे कोण, याची ती व्याख्या होती. राज्याच्या कायद्याने ज्याला बंदूक बाळगायची मनाई नाही, तो. मी दोनदा वाचलं. बायकोचं मनगट मोडलेला माणूस त्या व्याख्येत अलगद बसत होता.

कागद होता मिझुरीच्या हाउस बिल 85 चा, म्हणजे 'सेकंड अमेंडमेंट प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट'चा. सेकंड अमेंडमेंट म्हणजे शस्त्र बाळगायचा हक्क देणारी अमेरिकेची घटनादुरुस्ती. गव्हर्नर माइक पार्सन यांनी 12 जून 2021 ला त्यावर सही केली होती, तीही लीज समिट शहरातल्या बंदुकांच्या दुकानात. अशा नागरिकाला बंदूक बाळगायला मनाई करणारे, तिची नोंद किंवा माग ठेवणारे, ती जप्त करणारे केंद्रीय कायदे मिझुरीपुरते रद्दबातल, असं त्यात लिहिलं होतं. ते जाणूनबुजून राबवणाऱ्या पोलीस खात्याला दर वेळी 50,000 डॉलर दंड, आणि दाव्याचं दार नागरिकाला उघडं. दंडाचं कलम लागू होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते.

"सवलतीचं कलम आहे," तो म्हणाला. "फेलनीच्या खटल्यात मदत चालते, बंदुकीचा गुन्हा जोडीला असला तर. इथे बंदूक हाच गुन्हा आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि सांगून ठेवतो, मी पार्सनलाच मत दिलंय."

तो स्वतः शिकारी. घरी बंदुकांची तिजोरी. त्याला मी खलनायक करणार नाही. एवढ्याशा शहराच्या खात्याला 50,000 डॉलर म्हणजे जवळपास एका शिपायाचा वर्षाचा पगार.

रात्री आईला फोनवर सांगितलं. "अगं, केंद्राचा कायदा राज्य कसा मोडीत काढेल?" आमच्या मामांकडे बाराबोर होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. केंद्र मोठं की राज्य, हा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारला नाही. इथे मात्र तोच प्रश्न मुळाशी आहे. केंद्राने राज्याच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये माँटॅना आणि अ‍ॅरिझोनाच्या शेरीफांच्या खटल्यात ठरवलं. मदत नाकारायचा हक्क राज्याला आहेच. मिझुरी त्यापुढे जाऊन केंद्राचा कायदा अवैध म्हणत होती. आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग त्या बाईचं काय?"

त्या बाईचं असं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिचा सेफ्टी प्लॅन लिहिला. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात जायचं नाही, कारण फ्रिज तिथे. गाडीची दुसरी किल्ली शेजारणीकडे. मुलांचे जन्मदाखले डायपरच्या पिशवीत. लिहिता लिहिता ती म्हणाली, "मीच एक बंदूक घेते." इथे लपवून बंदूक न्यायला 2017 पासून परवाना लागत नाही. तिला अडवणारा कायदा नव्हता आणि माझ्याकडे उत्तरही नव्हतं. मी फक्त विचारलं, "ठेवशील कुठे?" ती गप्प बसली.

डिसेंबरात ती मुलांना घेऊन मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉयला बहिणीकडे गेली.

मिझुरीचा तो कायदा घटनाबाह्य असल्याचा निकाल केंद्रीय न्यायाधीश ब्रायन वाइम्स यांनी मार्च 2023 मध्ये दिला, आणि 26 ऑगस्ट 2024 ला आठव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने तो कायम ठेवला. त्याच आठवड्यात डिटेक्टिव्हचा फोन आला. "तो फ्रिजवाला फोटो अजून आहे तुझ्याकडे?"

होता. पण घर विकलं गेलं होतं आणि नवरा कुठे राहतो ते तिलाही माहीत नव्हतं.

"बरं, पाठवून ठेव," तो म्हणाला.