तुम्ही विचारलंत म्हणून: अरुगुला कशाला?

"चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या सोलापुरात गच्चीवर अरुगुला कशाला लावता हो?" जिन्यात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. अरुगुला म्हणजे सॅलडात कच्ची खातात ती तिखटसर पालेभाजी. मेथीची जुडी दारात मिळते, हेही लगोलग ऐकवतात. इतके दिवस मी "तब्येतीला चांगलं" म्हणून सुटका करून घ्यायचे. पण तब्येतीला मेथीही चांगलीच की!

आणि परदेशी फॅड वगैरे म्हणू नका. मोहरी-मुळ्याच्या कुळातलं हे रोप राजस्थानात तारामिरा म्हणून कोरडवाहू रानात पेरतात, बियांचं तेल काढतात.

खरं दुखणं मार्चमधल्या सोसायटीच्या बैठकीचं आहे. टँकरच्या वर्गणीचा विषय होता. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अर्धं पाणी ह्यांच्या गवताला जातं." लोक हसले. आमचे हे सतरंजीकडे बघत बसले. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी साठवून तेच घालते, असं मी सांगितलं. तर "दाखवा बादली"! दोघी-तिघी खरंच वर आल्या. बादली होती, तळाला तांदळाचा पांढरा साका होता. रोपं फुलावर आली होती, पांढुरक्या पाकळ्यांवर जांभळट शिरा. एकीनं पान तोडून चावलं आणि कठड्यावरून थुंकलं. "शी, कडूजहर!" ऊन तापलं की दांडा वर सुटतो, पानं कडवट होतात, हे सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. पानासाठी नाही हो. माझा कढीपत्ता, गवती चहा ह्याच बायका वर्षानुवर्षं न विचारता खुडून नेतात. त्या पाण्याचा हिशेब कधी कुणी मागितला?

एक मात्र मी तिथं बोलले नाही. हे रोप कमी पाण्यावर जगतं, पण पान कोवळं हवं तर माती ओली ठेवावीच लागते. वहिनी अगदीच चूक नव्हत्या.

तरी दिवाळीनंतर पुन्हा पेरलं. बी वरवर टाकून चिमूटभर माती भुरभुरायची. आठवड्याच्या आत उगवतं, महिना-सव्वा महिन्यात बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब ठेवायचा. चीज-बिज राहू द्या, घोळाणा करा: पानं कच्चीच चिरून कांदा, शेंगांचं कूट, मीठ, वर कच्चं तेल. सोबत कडक भाकरी. शेंगाचटणी मात्र नको, दोन्ही तिखट एकमेकांवर कुरघोडी करतात.

ह्यांना ते आवडत नाही, मुलगा हात लावत नाही. बाकीच्या कुंड्या कुणा ना कुणाच्या फर्माइशीच्या, ही माझ्या एकटीच्या जिभेसाठी. पाण्याची तंगी असताना एवढं कारण पुरतं का? मार्चात वहिनींचं पटतं, थंडी पडली की माझं. ह्या खेपेला टँकर लागला तर पहिलं पाणी ह्याच कुंड्यांचं तोडीन. निदान आज तरी तसं म्हणतेय.