रेडिओ घ्यायला गेलो आणि...

आज पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुन्या धाटणीचा टेबल रेडिओ बघायला गेलो होतो. आईसाठी. मोबाइलवर रेडिओ ऐकणं तिला मान्यच नाही.

दिसायला सगळेच देखणे. लाकडी वाटणारी पेटी (हात लावला की कळतं, वरून चिकटवलेला कागद), पितळी रंगाची बटणं, पुढे जाळीचं कापड. पण बऱ्याच मॉडेलांत मीडियम वेव्हच नाही! ब्लूटूथ आहे, पेन ड्राइव्ह आहे, पण ७९२ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी पुणे लागणार नाही. मग तो रेडिओ कसला, नटवलेला स्पीकर झाला. हजारो गाणी आधीच भरलेला सेटही दाखवला. छान आहे, पण पुढे काय लागेल हे ठाऊक नसण्यातच तर निम्मी मजा असते.

दुकानदार काका मात्र जाणकार निघाले. मीडियम वेव्हवर नुसती खरखर येत होती. त्यांनी वरचा एलईडी दिवा बंद केला (अशा विजेच्या उपकरणांमुळेही खरखर येते), सेट जागेवरच हळूहळू फिरवला आणि निवेदिकेचा आवाज स्वच्छ आला! या बँडचा अँटेना म्हणजे आत आडवी बसवलेली फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी, म्हणून रेडिओचं तोंड कुठे आहे यावर सगळं अवलंबून. बाहेरची लांब दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी.

सगळ्यात कमी नटलेला, पण खरा काटा फिरणारा सेट घेतला. आईने जागा आधीच ठरवून ठेवलीय, स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी. म्हणजे चटणी वाटायला घेतली की बातम्या गेल्याच. तिला कोण समजावणार?