ओसियांच्या रेतीतली काचरी

जोधपूरपासून सुमारे 65 किलोमीटरवर ओसियां आहे. तिथली मंदिरे पाहून बहुतेक प्रवासी उंटावर बसायला धोऱ्यांकडे, म्हणजे वाळूच्या टेकड्यांकडे, वळतात. मी मात्र भाद्रपदातल्या एका सकाळी काचरीचे, म्हणजे काकडीच्या कुळातल्या एका लहान वेलफळाचे, शेत पाहायला एका ढाणीवर, शेतातल्या वस्तीवर, गेलो होतो, आणि भेट म्हणून आमच्या कोकणात आंब्याच्या बागेतल्या फळमाशीच्या रक्षक सापळ्यात घालतात ती मिथाइल युजेनॉलची, नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाची, वडी नेली होती. ती पाहून यजमान भाईसा हसले. वेलीवरची फळमाशी वेगळ्या जातीची. तिचे नर क्यूल्यूर या दुसऱ्या गंधद्रव्याला भुलतात, मिथाइल युजेनॉलकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वडी पुन्हा पिशवीत गेली.

भाईसांनी रिकाम्या बाटल्यांना भोके पाडून क्यूल्यूरचे सापळे केले होते, पण त्यांत अडकतात ते फक्त नर, म्हणून त्यांचा खरा भर जमिनीवर होता. डंखाचा तपकिरी ठिपका असलेली एक काचरी त्यांनी माझ्या तळहातावर फोडली. आतल्या पांढऱ्या अळ्यांपैकी एकीने अंगाची कमान केली आणि टुणकन उडी मारून ती रेतीत पडली. अशाच अळ्या रेतीत शिरून कोष करतात; म्हणून किडकी फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरायची, आणि पीक निघाल्यावर उन्हाळ्यात जमीन नांगरून कोष उन्हात भाजू द्यायचे.

तेच ऊन फवारणीच्या मात्र मुळावर येते. निंबोळी अर्काचा कडवेपणा उन्हात लवकर निकामी होतो, त्यामुळे पंप दिवस कलल्यावरच बाहेर निघतो. प्रमाण आपल्याकडचेच, पाच टक्के: 15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम निंबोळीगर, रात्रभर भिजवून गाळलेला. अडचण पाण्याची होती. बोअरच्या खारट, जड पाण्यात अर्कात मिसळायचा साबण फाटतो, आणि पाणी अल्कधर्मी असले तर अर्कही टिकत नाही; म्हणून टांक्यातले, पावसाचे साठवलेले, पिण्याचे पाणी फवारणीला घ्यावे लागते. घरातल्या वयस्क माजींनी दोन पंपांपुरतेच पाणी घागरीने मोजून दिले, आणि मला तो हिशेब अगदी रास्त वाटला.

बाकीच्या किडींचा बंदोबस्त साधा होता. कोवळ्या वेलांवर लाल भुंगेरे दिसले की पहाटेच्या दवावर चुलीची राख धुरळायची. वाळवीला आमंत्रण नको म्हणून कच्चे शेण शेतात टाकायचे नाही.

अंधार पडता पडता फवारणी संपली. पंप विसळलेले तांब्याभर पाणी भाईसांनी एका मतीऱ्याच्या, म्हणजे तिथल्या कलिंगडाच्या, वेलाच्या बुडाशी ओतले.