सुतारकामाच्या हत्यारांसाठी भिंतीवरचं कपाट केलं, त्याची हकिगत

मुंबईच्या पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पलंगाखालच्या पेटीत पटाश्या, कानशी, रंधे एकमेकांवर पडून राहिले, की गंज चढतो आणि धारही जाते. आमच्या मुलुंडच्या घरात जमिनीवर वीतभर जागा मोकळी नाही, त्यामुळे हत्यारं भिंतीवरच न्यायची, हे उघड होतं.

टेपला हात लावण्याआधी सगळी हत्यारं चटईवर मांडली. रोज लागणारी मधे, क्वचितची कडेला, जड ती खाली. बरेच दिवस ही मांडामांड बदलत राहिलो, आणि घरच्यांनी ती चटई सोसली. मनासारखी जमली तेव्हा भोवती खडूने चौकट आखली, तेच कपाटाचं माप धरलं: तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. दारंही उथळ पेटीसारखी करून त्यांत पटाश्या आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावायचे होते, म्हणून एकूण खोली आठ इंच ठेवली. आधी कपाट करून मग हत्यारं कोंबायची, ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते.

लाकूड रे रोडला घेतलं. पाडलेल्या इमारतीच्या दार-खिडक्यांचा जुना साग. वखारीतल्या काकांनी निघताना बजावलं, "लगेच कापू नका. आठवडाभर घरात उभं करून ठेवा, घरची हवा लागू दे त्याला." सल्ला अगदी बरोबर होता. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणूनच दाराची मधली फळी फ्रेमच्या खाचेत नुसती सरकवली, तिला डिंक लावला नाही. खाचेत तिला हलायला जागा आहे, त्यामुळे फ्रेम फाटत नाही. पावसाळ्यात केलेल्या दारात फट अगदी बारीक ठेवली तरी चालते, हिवाळ्यात ती रुंदावते. मे महिन्यात करणाऱ्याने मात्र फट सढळ सोडावी. जुन्या लाकडावर रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधावेत. एक खिळा पात्याला दात पाडून जातो.

कोपऱ्यांना डव्हटेलचे सांधे (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत गुंतणारे दात) केले. पाठीला १२ मिलीमीटरचं मरीन प्लाय (ओलाव्यात टिकणारं प्लायवूड) पूर्ण बसवलं, कारण कपाट तिरकं होऊ न देण्याचं काम तीच पाठ करते. दारांना पियानो बिजागरी, म्हणजे दाराच्या उंचीएवढी एकच लांब बिजागरी, वापरली. हत्यारं भरलेल्या दाराचा भार दोन-तीन ठिकाणी न येता अख्ख्या उंचीवर विभागला जातो.

टांगण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चार नंबरचा लोखंडी रंधाच पावणेदोन किलोच्या घरात जातो, बाकीचा हिशेब आपला आपण करावा. मी ४५ अंशात तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या वापरल्या: एक भिंतीला, एक कपाटाच्या पाठीला, वरची खालचीत अडकते. खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा ठोकळा दिला, म्हणजे कपाट सरळ राहतं आणि मागून हवाही खेळते. पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत सोडून आतली भिंत निवडली. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवलं, "काकू, सकाळी थोडा आवाज होईल, चालेल ना?" ड्रिल मारताना भुकटीकडे लक्ष ठेवलं. करडी भुकटी येते तोवर प्लास्टर किंवा विटांमधला सिमेंटचा सांधा, लाल यायला लागली की वीट. गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची खुंटी) विटेतच घट्ट धरते. करडीच भुकटी येत राहिली, तर भोक थोडं वर-खाली सरकवायचं.

पटाश्यांसाठी फळीला पुढून उघड्या खाचा पाडल्या. पातं पुढून आत सरकतं आणि मूठ वर टेकते. नुसती भोकं पाडली असती तर पटाशी काढायला वर तिच्या लांबीएवढी जागा वाया गेली असती. धारेपुढे एक पट्टी लावली, म्हणजे घाईत हात जाणार नाही. करवतीच्या मुठीच्या आकाराचा ठोकळा आणि त्यावर अडकवायला फिरती पट्टी, एवढ्यावर करवत बसते.

लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडतं, म्हणून जवसाचं उकळलेलं तेल चोळलं. त्याची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून पूर्ण वाळवावीत.

हत्यारं धरणाऱ्या पट्ट्या आणि ठोकळे फक्त स्क्रूने लावले आहेत, डिंकाने नाही. खंडेनवमीला पूजेसाठी सगळं बाहेर निघालं, तेव्हा परत लावताना लाकडी हातोडी डाव्या दारातून मधे आणली. तिथे ती जास्त हाताशी येते.