रोप उपटलं तर मुळं अजून पिशवीच्याच आकाराची

त्या दिवशी मी खरं तर फक्त जगलेली रोपं मोजायला गेले होते. दगडखाणीची काम संपलेली बाजू, खालचा भाग भराव टाकून भरलेला, त्यावर माती पसरून आम्ही तिथल्याच रानातल्या झाडांची रोपं लावलेली आणि त्याला दोन पावसाळे होऊन गेलेले. लांबून रांगा छान दिसायच्या पण जवळ गेलं की निम्म्या रोपांचे शेंडे वाळलेले आणि बाकीची लावली तेवढीच, बोटभर सुद्धा वाढलेली नाहीत. सगळ्यांचं म्हणणं एकच, पाणी कमी पडतंय, टँकरच्या फेऱ्या वाढवा. मलाही तेच वाटत होतं.

मोजता मोजता एक मेलेलं रोप सहज ओढलं तर आख्खं हातात आलं. मातीचा गोळा अजून पॉलिबॅगच्या आकाराचा, मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली, खड्ड्याच्या भिंतीत एकही मूळ शिरलेलं नाही. दुसरं काढलं, तिसरं काढलं, तेच. खूप वाईट वाटलं, दोन वर्षं ती बिचारी त्या एवढ्याशा मातीवर तग धरून होती.

मोजणी तिथेच सोडली आणि खोदायला घेतलं. वरची वीतभर माती कुदळीने निघाली, त्याखाली पहार मारली की ठणकन आवाज. मग पेनेट्रोमीटर रोवला, म्हणजे दांडा मातीत दाबायचा आणि ती किती घट्ट आहे ते डायलवर बघायचं. साधारण २ मेगापास्कलच्या वर आकडा गेला की बहुतेक झाडांच्या मुळांना पुढे घुसणं फार अवघड होतं, आणि इथे २५ सेंटिमीटरवरच काटा त्याच्या कितीतरी पुढे. ढेकूळ फोडलं तर आडवे पापुद्रे सुटत होते, दाबून बसलेल्या मातीची ही अगदी पक्की खूण. लोखंडी रिंग ठोकून त्यात पाणी ओतलं, तासाभराने येऊन बघितलं तर पाणी जवळजवळ तेवढंच. म्हणजे पाऊस कमी नव्हता, तो आत मुरतच नव्हता, टँकर वाढवून काय होणार होतं?

आणि मग आठवलं. माती टाकताना भरलेले डंपर त्याच जागेवरून ये-जा करत होते, वरून डोझरने सगळं गुळगुळीत केलेलं, आणि लेव्हल नीट करा असं मीच सांगितलं होतं. शिवाय ती माती चार-पाच मीटर उंच ढिगात कित्येक वर्षं पडून होती. इतक्या उंच ढिगाच्या आत हवा पोचत नाही, मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी, गांडुळं, बिया सगळं हळूहळू संपत जातं. आम्ही पसरली ती माती जवळजवळ मेलेली होती.

तेवढ्यात पोकलेनवाले काका म्हणाले, "मॅडम, तो कोपरा बघा की, तिथं आपण काहीच लावलं नाय तरी केवढं उगवलंय."

तो कोपरा मशीन बंद पडल्यामुळे सपाट करायचा राहिलेला. तिथली माती, खाणीच्या नव्या बाजूची वरची साल काढली त्याच आठवड्यात थेट आणून ओतलेली, ढीगसुद्धा न लावता. उंचवटे, खळगे, दगड, वाळक्या फांद्या, पालापाचोळा, सगळं तसंच. आणि त्यात इथलंच गवत, झुडपांची पिल्लं, मुंग्यांची वारुळं! जमिनीतलं बहुतेक बी वरच्या ५ ते १० सेंटिमीटरमध्येच असतं, ती पातळ साल ताजी ताजी पसरली की रान आपलं आपण उगवायला लागतं, खोल गाडली की बरंचसं बी वाया. आम्ही रोपवाटिकेत जपून वाढवत होतो त्याच जातीचं एक झाड तिथे आपोआप उगवून गुडघाभर झालं होतं. शेजारून हळूच खोदलं, मूळ ४० सेंटिमीटरच्या खाली गेलेलं.

पुढच्या आठवड्यात तो कोपरा सपाट करायचं ठरलेलं होतं. मी म्हणाले, "काका, याला आता हात लावायचा नाही."

रिपर, म्हणजे घट्ट माती खोलवर फोडणारा मशीनचा लोखंडी दात, लगेच चालवावासा वाटत होता पण भरावातली माती अजून दमट होती, अशा मातीत तो दात नुसती चीर पाडत जातो आणि कडा चोपडतो, माती फुटत नाही. म्हणून पूर्ण वाळेपर्यंत थांबलो, हे थांबणं मला फार जड गेलं. मग उताराला आडव्या, समपातळीत रेघा मारल्या, कारण उताराच्या दिशेने मारल्या तर त्याच्याच घळी होतात. त्यावर नव्या बाजूची ताजी माती पातळ पसरली आणि सपाटी अजिबात केली नाही. खत टाका असा आग्रह झाला तो मी मोडून काढला, अशा जागी खतावर आधी बाहेरचं तण माजतं आणि हळू वाढणारी इथली झाडं त्याखाली दबतात.

पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी मी तिथे नव्हते. संध्याकाळी काकांचा फोन आला, "मॅडम, खाली रस्त्यावर गढूळ पाणी आलंच नाय बघा, सगळं आत चाललंय."